घरी शिवलेला पोशाख उजळवायचा कसा? नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तान्हा पोळा, मग नवरात्र, मग शाळांची गॅदरिंग. दरवर्षी याच क्रमाने पोशाखात उजेड कसा आणायचा हे विचारणारे निरोप येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तर दुसऱ्या प्रश्नात येऊन गेलं असेल तर तो क्रमांक दिला आहे.

१. पहिल्यांदाच करून राहिलो. सुरुवात कुठून करायची?

सामान आणण्याआधी एवढं ठरवा: पोशाख लोक किती अंधारात पाहणार आणि किती लांबून? पूर्ण काळोख्या सभागृहातला काजवा वेगळा आणि मांडवातल्या हॅलोजनसमोरचा काजवा वेगळा. बाकीचे सगळे निर्णय यावरून ठरतात. बहुतेकांचा पैसा वाया जातो तो इथेच, कारण पोशाख घरातल्या अंधारात तपासलेला असतो आणि कार्यक्रम उजेडात होतो.

मग वीतभर कापडावर नमुना करा. पांढरं ऑर्गंझा किंवा जाळी, तांब्याच्या बारीक तारेवरची फेअरी लाइट आणि तीन पेन्सिल सेलचा डबा, एवढं पुरेसं आहे. रात्री दिवे घालवा, घरातल्या कुणाला तरी तो नमुना अंगाशी धरायला सांगा आणि तुम्ही गॅलरीच्या किंवा गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाहा. हातात धरून सुंदर दिसणाऱ्या कितीतरी गोष्टी तिथून दिसतच नाहीत. पूर्ण पोशाख शिवण्याआधी असे चार-पाच वेगळे नमुने करा. या कामातला खरा आनंदही तिथेच आहे.

२. एलईडी, ईएल वायर, रेडियम, ग्लो स्टिक, ब्लॅक लाइट… यात फरक काय आणि मी काय घेऊ?

एलईडी स्वतः उजेड देतात, त्यांना बॅटरी लागते, आणि थोडाफार उजेड असलेल्या जागीही दिसतात. पहिल्या पोशाखासाठी माझं मत एलईडीच्याच बाजूने आहे.

ईएल वायर म्हणजे पूर्ण लांबीभर सारखी उजळणारी लवचीक दोरी. तिच्या आतल्या तारेवर चमकणाऱ्या पदार्थाचा थर असतो आणि छोटा इन्व्हर्टर बॅटरीपासून साधारण शंभर व्होल्टच्या आसपासचा प्रत्यावर्ती प्रवाह तयार करून तिला देतो. प्रवाह अगदी कमी असतो, तार गरम होत नाही. सांगाडा, रोबोट, पक्ष्याच्या पंखांची कड अशा रेषांच्या चित्रांना तिच्यासारखं दुसरं काही नाही. पण उजेड मंद असतो, ती फक्त अंधारातच शोभते.

बाजारात ‘रेडियम’ म्हणून तीन वेगळ्या गोष्टी मिळतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. गाडीच्या मागे लावतात ती पट्टी समोरून आलेला उजेड त्याच दिशेने परत पाठवते, अंधारात ती काळीच राहते. दुसरा प्रकार आधी उजेड पिऊन मग अंधारात हिरवट चमकतो. तिसरा म्हणजे नुसता भडक रंगाचा स्टिकर. यांतल्या एकातही खरं रेडियम नसतं. दुकानात उभे असतानाच तुकडा मुठीत झाकून डोळ्याशी नेऊन पाहा, अंधारात चमकणारा प्रकार लगेच कळतो.

ग्लो स्टिकमध्ये रसायनांची क्रिया होऊन उजेड पडतो. एकदा मोडली की काही तास चालते, बंद करता येत नाही. थंडीत मंद पण जास्त वेळ, उष्णतेत तेजस्वी पण कमी वेळ. आयत्या वेळी उपयोगी.

ब्लॅक लाइट म्हणजे अतिनील दिवा. फ्लोरोसंट रंग त्याच्याखाली पेटल्यासारखे दिसतात आणि दिवा बंद झाला की तिथल्या तिथे विझतात. म्हणजे इथे पोशाखाइतकाच रंगमंचही तुमच्या हातात असावा लागतो.

३. नागपुरात सामान कुठे मिळेल?

जाळी, ऑर्गंझा, अस्तर, लेस यांसाठी गांधीबाग आणि इतवारी. एलईडी, रेझिस्टर (प्रवाह मर्यादेत ठेवणारा छोटा भाग), बॅटरीचे डबे, स्विच, हीटश्रिंक नळी (गरम केली की आकसून जोडावर घट्ट बसते) यांसाठी बर्डीवरची इलेक्ट्रॉनिक सामानाची दुकानं. रेडियमच्या पट्ट्या नंबर प्लेट करणाऱ्या कोणत्याही दुकानात कापून मिळतात. ईएल वायर आणि चमकणारी पावडर मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावी लागते, म्हणून कार्यक्रमाआधी निदान तीन आठवडे हातात ठेवा.

ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेल्या पोशाखावर काही चिकटवायचं असेल तर आधी विचारा. टाचून लावलेलं अस्तर हा त्यावरचा चांगला उपाय आहे (प्रश्न १४).

४. घरी दिवाळीची लायटिंगची माळ पडून आहे. तीच लांब वायरने बोर्डाला जोडून अंगावर लावली तर?

नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही. त्या माळेत घरातला २३० व्होल्टचा पुरवठा खेळतो. स्वस्त माळांमध्ये छोटे एलईडी एकामागे एक जोडून तो सरळ त्यांच्यावर टाकलेला असतो, वेगळा करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. घामेजलं अंग, हलणारी तार, ओढला जाणारा प्लग… यात जीव जाऊ शकतो.

यूएसबीवर किंवा पेन्सिल सेलवर चालणारी माळ असेल तर आनंदाने वापरा. पोशाखावरचं सगळं काम १२ व्होल्टच्या आत ठेवा. ईएल वायरचा इन्व्हर्टर हा एकच अपवाद. त्याची तार अखंड हवी आणि टोकं बंद हवीत (प्रश्न १५).

५. एलईडी लावले, पण नुसते ठिपके दिसतात. अंगातूनच उजेड येतो आहे असं का वाटत नाही?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा आणि माझ्या सगळ्यात आवडीचा प्रश्न. उत्तर आपल्या आकाशकंदिलात आहे: बल्ब दिसत नाही, कागद उजळतो. पोशाखातही दिवा लपवायचा आणि कापड उजळवायचं.

पहिली गोष्ट, अंतर. दिव्याला कापड चिकटलं असेल तर कितीही जाड कापड घ्या, ठिपका दिसणारच. दोन दिव्यांमध्ये जेवढं अंतर आहे निदान तेवढंच अंतर दिवा आणि वरचं कापड यांच्यात हवं. ते राखायला उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस पिंजून पातळ पसरा. तो अंतरही ठेवतो आणि उजेडही पसरवतो. ढग, जेलीफिश, परीचे पंख, देवदूत या सगळ्यांत हा कापूस कमाल करतो. बबल शीट चालते, पण चालताना आवाज करते.

दुसरी गोष्ट, दिवे बाहेरच्या बाजूला तोंड करून लावू नका. आतल्या पांढऱ्या अस्तराकडे वळवा. उजेड अस्तरावर आपटून परत येतो आणि ठिपका नाहीसा होतो. तेज थोडं कमी होतं, पण दिसायला दहा पट चांगलं. अस्तरासाठी चकचकीत फॉइल वापरावंसं वाटतं, ते टाळा. फेअरी लाइटच्या तारेवर इन्सुलेशनचा अगदी पातळ थर असतो, तो घासून निघाला की फॉइलमधून शॉर्ट होतं. पांढरं फेल्ट किंवा पांढरं सुती कापड पुरेसं आहे.

तिसरी, रंग. पांढरा एलईडी आणि रंगीत कापड यापेक्षा रंगीत एलईडी आणि पांढरं कापड घ्या. लाल कापड फक्त लाल उजेड बाहेर जाऊ देतं. त्यामागे निळा दिवा लावला तर जवळपास काहीच दिसत नाही.

दिवे बंद असताना काहीच दिसू नये आणि मग अचानक आकृती उजळावी असं हवं असेल तर सगळ्यात वर काळ्या जाळीचा एक थर द्या.

६. बॅटरी किती वेळ चालेल हे आधी कसं कळेल?

बॅटरीचे मिलीअँपिअर-तास (म्हणजे तिच्यातला साठा, mAh) भागिले दिव्यांना लागणारे मिलीअँपिअर. चांगल्या अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये कमी भारावर २००० मिलीअँपिअर-तासांच्या आसपास साठा असतो. १०० मिलीअँपिअर घेणारी माळ त्यावर वीसेक तास चालेल, शेवटी शेवटी मंद होत. सीआर२०३२ या बटण सेलमध्ये सुमारे २२० मिलीअँपिअर-तास असतात आणि तो जास्त प्रवाह देऊही शकत नाही. मुकुटातल्या तीन-चार दिव्यांना तो ठीक, घागऱ्याला नाही. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी दिसायला दणकट, पण साठा ५०० च्या आसपासच.

रिचार्जेबल पेन्सिल सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. तीन सेलच्या डब्यात ३.६ आणि ४.५ असा फरक पडतो. निळे, हिरवे आणि पांढरे एलईडी सुमारे ३ व्होल्ट मागतात, त्यामुळे रिचार्जेबलवर ते थोडे मंद दिसतील. लाल सुमारे २ व्होल्टवरच पेटतो, त्याला फरक जाणवत नाही.

सुटे एलईडी जोडणार असाल तर रेझिस्टर हवाच. ९ व्होल्टवर एक पांढरा एलईडी, २० मिलीअँपिअर: नऊ वजा तीन, भागिले ०.०२, म्हणजे ३०० ओहम. बाजारात सहज मिळणारा ३३० चा घ्या.

७. पॉवर बँक लावली तर अर्ध्या मिनिटात आपोआप बंद होते. खराब आहे काय?

खराब नाही. फार कमी प्रवाह जात असेल तर पॉवर बँकेला वाटतं की मोबाइल चार्ज झाला, आणि ती बंद होते. दिवे वाढवा, कमी प्रवाहासाठी वेगळा मोड असलेली पॉवर बँक घ्या (हेडफोन किंवा घड्याळ चार्ज करण्यासाठी तो दिलेला असतो), किंवा सरळ पेन्सिल सेलवर या. आणि १०,००० मिलीअँपिअर-तास लिहिलेलं असलं तरी तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्टवर हातात साधारण ६,००० पडतात.

८. कोपराजवळ आणि गुडघ्याजवळ तार दर वेळी तुटते. काहून?

एकाच जाड तारेची वायर वाकून वाकून तुटते. बारीक तारांच्या जुडग्याची मऊ वायर घ्या. सांध्यावरून नेताना ताणून नेऊ नका, सैल वळसा ठेवा. हात पूर्ण वाकवून आणि पूर्ण ताणून दोन्ही वेळा तपासा. सोल्डर केलेली जागा कडक होते आणि तिच्या शेजारीच वायर मोडते, म्हणून तिथे हीटश्रिंक चढवा आणि त्याच्या बोटभर अलीकडे वायर कापडाला टाका घालून बांधा. ओढ टाक्यावर येते, सोल्डरवर नाही.

बाही, धड आणि डोक्यावरचा भाग यांना वेगवेगळे दिवे द्या आणि मध्ये दोन पिनांचे कनेक्टर घाला. बाही बंद पडली तरी बाकीचा पोशाख चालू राहतो, आणि मुलाला कपडे बदलवणंही सोपं जातं.

९. चमकणारी पावडर घरी रंगात मिसळली. दोन मिनिटांत विझते. फसवणूक झाली का?

कदाचित पावडरच स्वस्त प्रकारची असेल. जुन्या प्रकारात झिंक सल्फाइड असतं, ते मिनिटांतच मावळतं. स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटची पावडर तासन्‌तास चमकते, जरी पहिल्या काही मिनिटांनंतर तेज झपाट्याने उतरतं. विकत घेताना हे नाव बघूनच घ्या. हिरवा सगळ्यात तेजस्वी दिसतो.

पावडर चांगली असूनही निकाल वाईट येण्याची कारणं वेगळी असतात. स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट पाण्यात हळूहळू खराब होतं, म्हणून साध्या पावडरीला पाण्याचा रंग किंवा पाणी घातलेला फेव्हिकॉल चालत नाही. पारदर्शक व्हार्निशमध्ये मिसळा, किंवा पाण्यासाठी आवरण दिलेली पावडर मागा. खलबत्त्यात कुटू नका, दाणा बारीक झाला की तेज घटतं. ती जड असते, तळाशी बसते, म्हणून दर ब्रशला ढवळा. खाली पांढऱ्या रंगाचा हात द्या आणि वर जाड थर द्या. काळ्या कापडावर सरळ लावली तर अर्धा उजेड कापडच गिळतं. मिसळताना मास्क लावा.

आणि चार्ज. नागपूरच्या उन्हात काही मिनिटं पुरतात, पण दुपारी चार्ज केलेला पोशाख रात्री आठला काय दाखवणार? विंगेत, प्रवेशाच्या अगदी आधी, यूव्ही (अतिनील) टॉर्च जवळून फिरवा. नसेल तर मोबाइलचा फ्लॅश कापडाला टेकवून फिरवा.

१०. गॅदरिंगमध्ये सगळं पेटलं होतं, तरी प्रेक्षकांना काहीच दिसलं नाही म्हणे!

स्टेजचे दिवे चालू होते. फ्लडलाइटसमोर बॅटरीवरचे एलईडी हरतात, मग ते किती का असेनात. उपाय पोशाखात नाही, प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या माणसाकडे आहे. रंगीत तालमीलाच त्याला भेटा आणि प्रवेशाच्या क्षणी वीस-तीस सेकंद पूर्ण अंधार मागा. सुरेश भट सभागृह किंवा देशपांडे सभागृहासारख्या बंद जागेत हे सहज होतं. शाळेच्या मैदानावर मांडव असेल तर बाजूचे हॅलोजनही बंद होतील का, हे वेगळं विचारा, कारण ते बहुधा मंडपवाल्याच्या हातात असतात.

अंधार मिळणारच नसेल तर पोशाख गडद रंगाचा करा आणि उजेड थोड्याच ठिकाणी एकवटा: मुकुट, छातीवरचं चिन्ह, हातातली कांडी. अंगभर शंभर मंद दिव्यांपेक्षा एका जागी दाटीने लावलेले वीस दिवे शेवटच्या रांगेतून दिसतात.

११. तान्हा पोळा तर उजेडीच असतो. पोराचा वेश आणि लाकडी नंदी दिवसा चमकवता येईल का?

दिवसा एलईडी, ईएल वायर, पावडर यातलं काही उपयोगाचं नाही. पण फ्लोरोसंट कापड आणि रंग दिवसाही छान खुलतात, कारण त्यांना लागणारे अतिनील किरण सूर्यप्रकाशातही असतात. भर पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी बाकी सगळे रंग मलूल होतात, तेव्हा फ्लोरोसंट पिवळा आणि केशरी आतून पेटल्यासारखे वाटतात. नंदीच्या झुलीला याच कापडाची पट्टी आणि आरसे लावा.

गाडीची परावर्तक पट्टी दिवसा करडी दिसते, पण फ्लॅश मारून फोटो काढला की पांढरीशुभ्र पेटते. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये तुमचाच नंदी चमकेल. अंधार पडेपर्यंत स्पर्धा लांबली तर शिंगांना फेअरी लाइट गुंडाळून ठेवा, बॅटरीचा डबा झुलीखाली.

१२. घाम आणि पाऊस, दोन्हीचं काय करायचं?

घाम खारट असतो. तो वीज वाहू देतो आणि जोड गंजवतो. बॅटरीचा डबा अंगाला लागून ठेवू नका, अस्तराच्या बाहेरच्या बाजूला कमरेवर चोरकप्पा शिवा. पावसात सिलिकॉनचं आवरण असलेली एलईडी पट्टी टिकते, पाणी शिरतं ते कापलेल्या टोकातून आणि डब्यातून. टोक सिलिकॉन सीलंटने बंद करा, डबा झिपच्या पिशवीत घाला, वायर खालच्या बाजूने बाहेर काढा.

एप्रिल-मेमध्ये वेगळी काळजी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पोशाख ठेवू नका. ग्लू गनचा गोंद तिथे मऊ होऊन दिवे सुटतात, आणि पॉवर बँक तापणं धोक्याचं आहे. वजन अडकवणारे जोड गोंदाऐवजी दोऱ्यानेच पक्के करा.

१३. गरब्याच्या घागऱ्याला दिवे लावायचे आहेत. घेरावर गोल लावू की उभे?

उभे. घेराच्या कडेला गोल लावलेली माळ पहिल्याच फेरीत कुणाच्या तरी पायाखाली येते. कळीच्या शिवणीतून वरून खाली नेलेल्या माळा गिरकी घेताना पंख्यासारख्या उघडतात आणि अस्तरात सुरक्षित राहतात. कडेपासून चार बोटं वरच थांबवा. सगळ्या माळांची वरची टोकं कमरपट्ट्यात एकत्र आणा, स्विच हाताशी ठेवा. टिपरी खेळताना बाहीवर तार नको. आणि आरतीच्या वेळी ऑर्गंझा आणि जाळी ज्योतीपासून लांब ठेवा, ही कापडं क्षणात पेटतात. पोशाखात दिवे असोत वा नसोत, हे पाळाच.

१४. असा पोशाख धुवायचा कसा?

दिवे कपड्याला शिवूच नका. ते वेगळ्या पांढऱ्या अस्तरावर बसवा आणि ते अस्तर टिच बटणांनी किंवा वेल्क्रोने मुख्य पोशाखाला लावा. धुताना काढून ठेवा. पुढच्या वर्षी तेच अस्तर धाकट्याच्या पोशाखात जातं. ठेवून देताना सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरून डबा खराब करतात.

१५. ईएल वायर हवी तेवढी कापता येते का? आणि ती किणकिण आवाज का करते?

कापता येते. कापलेलं टोक मात्र हीटश्रिंक आणि गोंदाने पूर्ण बंद करा, नाहीतर ओल शिरते आणि हाताला झिणझिणी येऊ शकते. आवाज तारेचा नसून इन्व्हर्टरचा आहे. तो फोमच्या तुकड्यात गुंडाळून पाठीच्या बाजूला ठेवा. एकपात्री किंवा शांत प्रसंगाचं नाटक असेल तर एलईडीच घ्या, पुढच्या रांगेला ती शिट्टी ऐकू येते. इन्व्हर्टर किती मीटरसाठी आहे ते पाहूनच तार निवडा.

१६. चार वर्षांच्या मुलासाठी काय टाळू?

बटण सेल. गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर जळतं. मूल हसत-खेळत दिसलं तरी वाट पाहू नका, उलटी करवू नका, सरळ रुग्णालय गाठा. लहानांसाठी पेन्सिल सेलचा, स्क्रूने बंद होणारा डबाच घ्या.

ग्लो स्टिक चावणाऱ्या वयात देऊ नका, आणि आतलं द्रव कापडावर शिंपडण्यासाठी ती कधीही कापू नका. आत पातळ काचेची नळी असते आणि द्रव डोळ्यांची आग करतं. डोळ्यात गेलंच तर भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. गळ्याभोवती कोणतीही माळ नको. मूल घाबरलं तर एका झटक्यात उतरवता येईल असाच पोशाख करा.

१७. चेहऱ्यावर चमकणारा रंग लावला तर?

कापडाचा रंग, पोस्टर कलर, प्रश्न ९ मधली पावडर, यातलं काहीही त्वचेवर नको. त्वचेसाठी म्हणून विकले जाणारे फ्लोरोसंट फेस पेंट मिळतात, अंधारात ते ब्लॅक लाइटखालीच चमकतात. आदल्या दिवशी मनगटावर लावून पाहा.

१८. ब्लॅक लाइटचं नृत्य बसवतोय. पांढरा शर्टही चमकतो, तो नको असेल तर?

बऱ्याच कपडे धुण्याच्या पावडरींमध्ये कापड शुभ्र दिसावं म्हणून घातलेली द्रव्यं अतिनील उजेडात निळसर चमकतात. त्यामुळे पांढरं सुती कापड आपोआप पेटतं. लपवायचं ते सगळं काळं घाला, आणि ते काळं कापडही आधी दिव्याखाली तपासा, काही काळ्या कापडांवर धुलाईचे निळे डाग उमटतात. जादूच्या औषधाची बाटली हवी असेल तर टॉनिक वॉटर भरा, त्यातल्या क्विनीनमुळे ते छान निळं उजळतं.

दिवा घेताना तरंगलांबी पाहा. ३९५ नॅनोमीटरचे स्वस्त दिवे स्वतःच जांभळा उजेड टाकतात, ३६५ चे जवळपास अदृश्य राहतात. दोन्हींकडे रोखून पाहू नये, मुलांनाही तसं सांगा.

१९. रंग बदलणारी, प्रोग्रामवर चालणारी पट्टी लावली, पण मध्येच रंग बिघडतात.

अशी पट्टी बहुधा डब्ल्यूएस२८१२बी जातीची असते. तिच्यातला एकेक एलईडी पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलीअँपिअरपर्यंत घेतो. साठ दिवे म्हणजे ३.६ अँपिअर, बहुतेक पॉवर बँकांच्या आवाक्याबाहेर. व्होल्टेज पडलं की टोकाकडचे दिवे लालसर होतात. प्रोग्राममध्ये तेज पाव हिश्श्यावर आणा, अंधारात ते पुरून उरतं. पट्टीवरच्या बाणाची दिशा तपासा. बोर्ड (प्रोग्राम चालवणारं छोटं सर्किट) आणि पट्टी यांची ऋण तार एकच हवी.

एवढं करूनही पहिलाच दिवा लुकलुकत असेल तर बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे का पाहा. ५ व्होल्टच्या पट्टीला साधारण ३.५ व्होल्टचा संदेश लागतो. मध्ये लेव्हल शिफ्टर (संदेशाचं व्होल्टेज वाढवणारा भाग) घाला, किंवा अर्डुइनो नॅनोसारखा ५ व्होल्टचा बोर्ड वापरा.

२०. डोळ्यांना सुंदर दिसतं, मोबाइलमध्ये पट्टे आणि पांढरे गोळे येतात.

पट्टे येतात कारण तेज कमी करताना एलईडी फार वेगाने चालू-बंद होत असतात. मोबाइलमध्ये शटर थोडं सावकाश करा, किंवा डिमर काढून पूर्ण तेजावर कमी दिवे लावा. पांढरे गोळे येतात कारण कॅमेरा अंधार पाहून फोटो उजळ करतो. स्क्रीनवर उजेडाच्या जागी बोट टेकवा आणि एक्स्पोजर खाली ओढा. फ्लॅश बंद ठेवा. परावर्तक पट्टी असेल तरच चालू (प्रश्न ११).

२१. स्पर्धेसाठी विमानाने जायचं आहे. पोशाख सामानात टाकू का?

पोशाख टाका, पण पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेतच हवेत, चेक-इन सामानात चालत नाहीत. सुट्या सेलच्या टोकांवर टेप लावा. सुरक्षा तपासणीत तारा आणि सर्किट दिसल्यावर विचारणा होईल, तेव्हा उजळलेल्या पोशाखाचा एक फोटो मोबाइलमध्ये तयार ठेवा.